अर्धा किलो माती

घाटकोपर मेट्रो स्थानकात बॅगा तपासणाऱ्या यंत्रापाशी तिला दर काही महिन्यांनी थांबवतात. पडद्यावर दाट, गडद पुरचुंड्या दिसतात आणि सुरक्षा रक्षक विचारतो, "मॅडम, यात काय आहे?" ती एका कापडी पिशवीची नाडी सोडून दाखवते. आत माती. कधी यवतमाळची काळी, कधी शिरोळची पांढुरके डाग पडलेली, कधी नेरळच्या भातखाचराची. मागची रांग चुळबुळायला लागते. "माती कशाला नेताय?" या प्रश्नाचं छोटं उत्तर तिच्याकडे तयार असतं: "तपासायला." लांब उत्तर द्यायचं तर सतरा वर्षांची नोकरी सांगावी लागेल.

ती मुलुंडला राहते आणि अंधेरी पूर्वेला, मरोळला काम करते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून मृदशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर तिला संशोधन करायचं होतं. मिळाली ती मात्र कंपन्यांच्या शेतमाल खरेदीची तपासणी करणारी नोकरी. कापूस, ऊस, हळद, द्राक्षं अशा पिकांचा माल ज्या शेतांतून येतो, तिथे पाणी, मजुरी, फवारणी आणि माती यांबाबतचे निकष पाळले जातात की नाही, हे पाहायचं. माती या यादीत नेहमी शेवटी यायची.

मुंबईच्या उपनगरांत फारशी शेती उरलेली नाही, पण शेतीविषयीचे पुष्कळ निर्णय इथल्याच काचेच्या इमारतींत होतात. चकाल्याला हिंदुस्थान युनिलिव्हरचं मुख्यालय आहे, विक्रोळीला गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटचं. युनिलिव्हरने शाश्वत शेतीची आपली संहिता २०१० मध्ये आणली, पुढे २०२१ मध्ये पुनरुज्जीवक शेतीची तत्त्वं जाहीर केली, आणि त्यांत मातीला बरंच वरचं स्थान दिलं. संहिता आली त्याच सुमारास कापसात 'बेटर कॉटन'चं काम भारतात सुरू झालं. २०१०-११ च्या हंगामात त्याचा पहिला कापूस निघाला. उसासाठी 'बोनसुक्रो' आलं. द्राक्षवाल्यांना 'ग्लोबलगॅप' आधीपासून ठाऊक होतं. निकषांचे हे सगळे शब्द तिने मरोळच्या कार्यालयात आधी वाचले आणि शेतात नंतर पाहिले. आपल्या कामातली पहिली चूक हीच होती, असं आता तिला वाटतं.

सुरुवातीच्या वर्षांत तिच्या तपासणी पत्रकात मातीविषयी तीन प्रश्न असत. मातीपरीक्षण केलं आहे का? जमीन व्यवस्थापनाचा आराखडा आहे का? धूप रोखण्याचे उपाय केले आहेत का? प्रत्येकापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. हळदीच्या एका पुरवठा साखळीत ती तपासणीला गेली, तेव्हा पुरवठादाराच्या माणसाने चाळीसेक शेतकऱ्यांच्या नोंदवह्या तिच्यापुढे ठेवल्या. सगळ्या पूर्ण भरलेल्या. शेणखत कधी टाकलं, नांगरट कधी, बेड कधी पाडले, सगळं तारीखवार. चौथी वही उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की अक्षर एकच आहे, शाई एकच आहे आणि चार वेगवेगळ्या गावांतल्या शेतांत शेणखत एकाच दिवशी पडलं आहे. तिने हरकत नोंदवली. पुरवठादाराने पुढच्या खेपेला चार वेगवेगळ्या हातांनी वह्या भरून घेतल्या. तिच्या पत्रकात 'होय' पडलं. ज्या शेतांबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांतल्या एकाही शेतात त्या वेळी तिने खड्डा खणून पाहिला नव्हता, हे ती आजही लपवत नाही.

यवतमाळ जिल्ह्याने तिला पहिल्यांदा जमिनीवर आणलं.

ठाण्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेस पकडायची, पहाटे धामणगावला उतरायचं आणि पुढे एसटीने यवतमाळकडे. या जिल्ह्यातली भारी काळी जमीन उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर जोराचा पाऊस आला की पाणी आत जाण्याऐवजी वरून धावतं. धावताना माती घेऊन जातं. देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी सोळा टनांहून अधिक माती वाहून जाते, असा मृदसंधारण शास्त्रज्ञांचा १९८० च्या दशकातला अंदाज आजही दिला जातो. आकडा मोठा वाटतो, पण हेक्टरभर जमिनीवरचा एक मिलिमीटर थर म्हणजेच बारा-तेरा टन माती. मिलिमीटरभर थर गेलेला कोणाच्या डोळ्याला दिसतो? शेतकऱ्याला तो पंधरा-वीस वर्षांनी दिसतो, जेव्हा वखराच्या पासेला चुनखडी लागायला लागते.

उपाय पुस्तकात सोपा आहे: उताराला आडवी पेरणी करा, रुंद वरंबा-सरी काढा, धुऱ्यावर गवत राखा. एका शेतकऱ्याच्या वावरात ती हे समजावत होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला वावराच्या टोकाला नेलं. वावर म्हणजे एक लांबच लांब पट्टा, उताराच्या दिशेने उभा. आजोबांच्या काळी एक होतं, मग दोन भावांत वाटणी झाली, मग त्यांच्या चार मुलांत. प्रत्येकाला रस्त्याचं तोंड आणि नाल्याचं पाणी दोन्ही हवं होतं, म्हणून वाटण्या उभ्याच पडत गेल्या.

"ताई, आडवं पेराव हे आमाले समजत नाही का?" तो म्हणाला. "पन वावरच उभं हाय न. आडवं पेरलं तं बैलाले दर पंचवीस पावलांवर फिराव लागते. दिवसभर फिरनंच होते, पेरनं नाही."

तिच्या पत्रकात त्या शेतकऱ्यापुढे 'नाही' पडलं. त्याच्या तिन्ही चुलतभावांपुढेही 'नाही' पडलं. चौघांनी मिळून तो उतार एकच शेत म्हणून पेरला असता तर चौघांचीही माती राहिली असती. पण निकषांची नोंदणी शेतकऱ्यागणिक होती, उतारागणिक नव्हती. बेटर कॉटनमध्ये शेतकऱ्यांचे साधारण पस्तिसांचे गट असतात, पण गट पडतो तो ओळखीपाळखीने, सोयीने. पाणी कुठून कुठे वाहतं हे पाहून गट पाडावा, हे तिला त्या दिवशी सुचलं. खरं तर महाराष्ट्राला हे नवीन नव्हतं. हिवरे बाजार असो की जालन्याजवळचं कडवंची, तिथलं पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळं शिवार धरून झालं. अंधेरीत बसून निकष लावणाऱ्या तिच्यासारख्यांनी ती गावं पाहिलेली होती, कौतुकही केलेलं होतं, फक्त आपल्या पत्रकाशी त्यांचा संबंध जोडला नव्हता.

पुढच्या हंगामात त्या चार भावांपैकी तिघे तयार झाले, चौथा नाही. चौथ्याचा पट्टा नेमका मधला होता.

पऱ्हाटीची गोष्ट याहून अवघड. कापसाची शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाट्या काढायच्या असतात. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडायची तर फरदड, म्हणजे त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेऊ नये, असं कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. मातीचे निकष म्हणतात, पीक अवशेष जाळू नका, जमिनीतच मुरवा. एका गावात कंपनीच्या पैशातून पऱ्हाटीची कुट्टी करणारं यंत्र आलं. पहिल्याच दिवशी सगळे खूश होते. कुट्टी जमिनीवर पसरत होती, फोटो निघत होते. बांधावर उभ्या असलेल्या वेचणीवाल्या बायांपैकी एक वयस्क बाई तिच्याजवळ आली.

"पोरी, हे तं चांगलं हाय. पन मंग आमी सयपाक कायवर कराव?"

भूमिहीन घरांची वर्षभराची चूल त्या पऱ्हाटीवर पेटत होती. घरात गॅसची शेगडी होती, पण सिलिंडर पुन्हा भरायला दर वेळी पैसे नव्हते. आधीच्या सगळ्या तपासण्यांत तिने 'अवशेष शेतात जाळले नाहीत' यापुढे समाधानाने खूण केली होती. ते शेतात जळत नव्हते, चुलीत जळत होते. आता यंत्रामुळे मातीला जे मिळणार होतं, ते मजुरांच्या चुलीतून काढून घेतलेलं होतं. तिच्या कोणत्याही पत्रकात यासाठी रकाना नव्हता. तोडगा गावानेच काढला: धुऱ्यालगतच्या ठरावीक ओळी मजूर बायांसाठी सोडायच्या, बाकीची कुट्टी. कंपनीच्या अहवालात 'सर्व क्षेत्रावर कुट्टी' असं लिहायचं होतं. तिने 'काही ओळी सोडून' असं लिहिलं, आणि का सोडल्या हेही लिहिलं. ते वाक्य संपादनात गेलं. पुढच्या वर्षी तिने ते पुन्हा लिहिलं. तेव्हा राहिलं.

शिरोळ-सांगलीकडच्या उसात प्रश्न उलटा होता. तिथे माती वाहून जात नव्हती, पाण्याने बसून मरत होती. कृष्णाकाठच्या भारी जमिनी, भरपूर पाणी, वर्षानुवर्षं ऊस; निचरा नाही. पाण्याची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले आणि काही ठिकाणी जमिनीवर पांढरी साय धरली. क्षारपड जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली होती. यावर इलाज आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी आणि क्षार बाहेर काढायचे. पण पाइपातलं पाणी काढायचं कुठे? नाल्यापर्यंत जायचं तर शेजाऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या रानातून. एकट्याचं काम नव्हे. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याने गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून हे काम केलं आहे, आणि ज्या रानात कुसळ उगवत नव्हतं तिथे पुन्हा ऊस उभा राहिला आहे. इथेही तिला तेच दिसलं. मातीचा प्रश्न एका सातबाऱ्यात मावत नाही.

उसाच्या पाचटाबद्दल मात्र ती हट्टी आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि तोडणी संपली की अनेक ठिकाणी संध्याकाळी काडी लागते. खोडव्याला पाणी नीट फिरत नाही, उंदीर होतात, कामाला मजूर मिळत नाही. शेतकऱ्याची कारणं खोटी नाहीत. पण टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू टाकून तेच पाचट सरीत दाबलं, तर पाणी कमी लागतं, तण दबतं, आणि वर्षभरात त्याखाली हात घातला की गांडुळं हाताला लागतात. ती शेतकऱ्याला आधी पाचटाखाली हात घालायला लावते आणि मग बोलते.

तिच्या कामाला वळण लागलं ते शेतात नव्हे, मरोळच्याच टेबलावर. एका कंपनीचा वार्षिक अहवाल छपाईला जाणार होता. त्यात एक ओळ होती: आमच्या प्रकल्पातल्या शेतांतील सेंद्रिय कर्ब एका वर्षात ०.४ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर गेला. प्रयोगशाळेचे कागद सोबत होते. तिची फक्त सही हवी होती. तिने सही करण्याआधी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. हेक्टरभर जमिनीतल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण वीस लाख किलो. त्यात ०.२ टक्के वाढ म्हणजे चार हजार किलो कर्ब, तोही टिकून राहिलेला. शेतात टाकलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब तर जिवाणूंच्या श्वासावाटे हवेत परत जातो. एवढा साठा एका वर्षात व्हायला शेतावर सेंद्रिय पदार्थांचा डोंगर ओतावा लागला असता.

मग तिने नमुने कसे घेतले ते खोदून विचारलं. पहिल्या वर्षीचे मे महिन्यात, कोरड्या जमिनीतून, वीस सेंटिमीटर खोल. दुसऱ्या वर्षीचे हंगामात, शेणखत पडल्यावर, वरवरच्या दहा सेंटिमीटरमधून, आणि काही तर उकिरड्याशेजारच्या कोपऱ्यातून, कारण तिथे जमीन मऊ होती. कोणी फसवलं नव्हतं. नमुने घेणाऱ्या पोरांना कोणी शिकवलंच नव्हतं की शेतात नागमोडी चालत जायचं, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, बांध, झाडाची सावली आणि उकिरडा टाळायचा, सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकून द्यायचे, आणि असं करत अर्धा किलो उरेपर्यंत जायचं. त्यांना शिकवणं तिचंच काम होतं.

तिने ती ओळ काढायला लावली. बराच वाद झाला. पुढच्या वर्षी त्या कंपनीचं काम तिच्या संस्थेकडे आलं नाही. तिला याहून जास्त टोचतं ते वेगळंच: आदल्या वर्षी दुसऱ्या एका पिकाच्या अशाच तक्त्यावर तिने हिशेब न मांडता सही केली होती.

त्यानंतर नमुने घेण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. दर वर्षी तोच आठवडा, तीच खोली, तीच प्रयोगशाळा, शेतात पुरलेल्या खुणेच्या त्याच दगडापासून. पिशव्या कुरिअरने पाठवता येतात, पण ती स्वतः आणते. २०१५ पासून सरकारची मृदा आरोग्य पत्रिका आहे, तिच्यात बारा घटकांच्या नोंदी असतात, आणि शेतकऱ्याच्या घरी पत्रिका असेल तर ती मागून वाचतेच. पण जिरायत भागात त्यासाठी दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घ्यायची पद्धत होती. आपल्या वावराची माती त्या चौकोनाहून वेगळी आहे, हे शेतकरी तिला नेहमी ऐकवतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

नेरळला ती कर्जत लोकलने जाते. मुंबईकरांना नेरळ माथेरानच्या गाडीमुळे ठाऊक; तिला चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बागेमुळे. त्यांच्या सगुणा राइस तंत्रात भातासाठी चिखलणी नाही, नांगरट नाही. एकदा गादीवाफे करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. ती कुजली की जमिनीत आपोआप वाटा तयार होतात, हवा-पाणी खेळतं. तिने धसकटाशेजारची माती उकरली तेव्हा जुन्या मुळाच्या पोकळीतून नवं मूळ खाली गेलेलं तिला दिसलं. शिकताना वाचलेली गोष्ट पंचविशी उलटून कितीतरी वर्षांनी डोळ्यांना दिसली.

पण न नांगरता तण मारायचं तर या पद्धतीत तणनाशक लागतं, मुख्यतः ग्लायफोसेट. इकडे अनेक खरेदीदारांच्या याद्यांत ग्लायफोसेट नको असतं, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे जीव गेले. ती औषधं वेगळी होती, कीटकनाशकं होती. तरीही त्या वर्षी त्या गावांतून फिरल्यावर कोणत्याही फवारणीविषयी हलक्या मनाने बोलणं तिला जमलेलं नाही. मग नांगर की तणनाशक? मातीचा निकष एक सांगतो, रसायनांचा निकष दुसरं, आणि खुरपणीला माणसं मिळत नाहीत. तिच्याकडे याचं एक उत्तर नाही. ती दोन्ही निकष लिहिणाऱ्यांना एका टेबलावर बसवायचा प्रयत्न करते.

वांद्रे-कुर्ला संकुलातून सेबीने शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. तेव्हापासून तिच्या कार्यालयातले फोन वाढले. २०२३ मध्ये या अहवालाचा जो गाभा ठरला, त्यात नऊ मुद्दे आहेत: हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता, इत्यादी. माती हा स्वतंत्र मुद्दा त्यांत नाही. त्यामुळे माती कर्बवायूच्या रकान्यातून आत येते, म्हणजे तिच्यात किती कर्ब साठला एवढाच प्रश्न राहतो. ती किती पाणी धरते, किती वाहून गेली, खारवली का, हे कोणी विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत तिने एक साधी गोष्ट सुरू केली. बैठकीला ती काचेचे दोन ग्लास आणि दोन ढेकळं घेऊन जाते. एक ढेकूळ वर्षानुवर्षं नांगरलेल्या वावरातलं, दुसरं त्याच वावराच्या धुऱ्यावरच्या गवताखालचं. माती एकच, अंतर चार हात. मरोळच्या सातव्या मजल्यावर, कापूस खरेदीच्या प्रमुखांसमोर तिने ती दोन्ही पाण्यात सोडली. वावरातल्या ढेकळातून आधी बुडबुडे आले, मग कडा सुटल्या, आणि दोन-तीन मिनिटांत तळाशी गाळ आणि वर कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी उरलं. धुऱ्यावरचं ढेकूळ तसंच राहिलं. त्याच्यातून बारीक मुळांचे केस बाहेर आले होते आणि पाणी जवळजवळ नितळ होतं. चहा आला, बैठक संपली, तरी ते तसंच होतं.

खरेदी प्रमुखांनी तोवर दर आणि गाठींच्या संख्येबद्दलच विचारलं होतं. आता त्यांनी विचारलं, "हे त्याच्यासारखं व्हायला किती वर्षं लागतात?" तिने सांगितलं, तीन वर्षांत फरक दिसायला लागतो, पण तुम्ही करार एका हंगामाचा करता. पुढच्या वर्षी तुम्ही त्या गावातून कापूस घ्याल की नाही हे शेतकऱ्याला माहीत नसतं. मग तीन वर्षांनी फळ देणारं काम त्याने आज कशाच्या भरवशावर करावं?

त्यातून मोजक्या गावांसाठी तीन वर्षांचा खरेदी करार झाला. गट उतार पाहून पाडले गेले. दराच्या कलमावर एकमत झालं नाही, ते अजून व्हायचं आहे, आणि ती दर तिमाहीला ते कलम पुन्हा पुढे ठेवते. मधल्या पट्ट्यावाला चौथा भाऊ दुसऱ्या वर्षी आला. त्याला करारापेक्षा शेजारच्या वावरात पाऊस थांबल्यावरही टिकलेली ओल पटली, असं त्याने सांगितलं.

मेच्या शेवटच्या आठवड्याचं तिचं विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट झालं आहे. मुलुंडच्या घरी बाल्कनीतल्या दोरीवर धुतलेल्या बारा कापडी पिशव्या वाळत आहेत. प्रत्येकीवर शाईने गावाचं नाव, उताराचा क्रमांक आणि दगडाची खूण लिहिलेली आहे, आणि करारातलं वर्ष: तिसरं.